भावोजींचे तेरा गोल

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतकं, म्हणजे आमच्या भावोजींइतकं, मनापासून प्रेम आजवर कोणी पराभवावर केलं असेल असं मला वाटत नाही. लोक जिंकणाऱ्यांच्या मागे धावतात, फार तर हरणाऱ्यांसाठी घटकाभर हळहळतात आणि चहा टाकायला उठतात. भावोजी मूळचे कुडाळजवळचे, हाडाचे पाइप फिटर, आता फोरमन, आणि अर्धं आयुष्य सौदीतल्या रास तनुराच्या कॅम्पात काढलेले. अशा माणसाने क्रिकेट बघावं, गावच्या भजनी मंडळाला पंखे द्यावेत आणि निवृत्त झाल्यावर आंब्याची कलमं लावावीत, अशी आपली साधी अपेक्षा असते. भावोजींनी हे सगळं सोडून हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाला स्वतःला वाहून घेतलं. त्या बेटाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही नकाशा काढून शोधाल, ते लवकर सापडणार नाही, आणि ही गोष्ट भावोजींच्या कानावर गेली तर त्यांना वाईट वाटेल. ते स्वतः त्याला नुसतं 'बेट' म्हणतात. जगात दुसरं बेट असल्याची त्यांना माहिती आहे, पण ती त्यांना महत्त्वाची वाटत नाही.

मी जवळच्या धाहरानला नोकरीला लागलो तो भावोजींच्याच खटपटीने, त्यामुळे दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला येत आणि मी त्यांचं ऐकून घेई. हिने वाढलेली सोलकढी एका घोटात संपवून ते मांडी घालून बसत आणि बेटाच्या फुटबॉलचा इतिहास सुरू होई. सांगायची पद्धत थेट दशावतारी नाटकाची. संकासुर यावा तसा विरुद्ध संघाचा सेंटर फॉरवर्ड आमच्या दिवाणखान्यात सोफ्याला वळसा घालून येई, आणि बेटाचा बिचारा बचावपटू टीपॉयच्या आडोशाला उभा राही. भावोजींच्या सांगण्यावरून, या संघाचं मैदान थेट समुद्रात संपायचं, त्यामुळे चेंडू फार उंच गेला की पोहता येणारा एक गडी राखीव ठेवावा लागे. त्यांचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड हा मासेमार होता आणि भरतीची वेळ सोयीची असली तर तो राष्ट्रापेक्षा जाळ्याला आधी प्राधान्य देई. पहिल्यांदा परदेशी खेळायला गेले तेव्हा यजमानांना यांच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीत मिळेना. तेव्हा गडी म्हणाले, आम्हीच म्हणतो. निम्म्यांनी वरच्या पट्टीत सुरू केलं, निम्म्यांनी खालच्या, आणि दोन्ही गट शेवटच्या ओळीवर भेटले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. "त्या दिवशी तेवढं एकच आपण जिंकलो," असं भावोजी सांगत. यातलं किती बेटावरचं आणि किती कुडाळचं, हे मी कधी विचारलं नाही.

फिटरची नजर त्यांना फुटबॉलमध्येही सोडत नसे. आमच्याकडे गोष्टी मीटरने मोजतात, भावोजी मात्र अजूनही सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजतात. "दोन सूत बाहेर होतो बॉल, दोन सूत!" असं ते ज्या गोलाबद्दल ओरडत तो गोल बरेचदा त्यांनी पाहिलेलाही नसे. बेटावरचा एक जुना गोलपोस्ट ओळंब्यात नव्हता, त्यामुळे त्यात झालेले सगळे गोल मुळातच बेकायदेशीर, असाही त्यांचा एक सिद्धांत होता. माझ्या मुलीने एकदा त्यांना इंग्रजीत विचारलं की काका, तुम्ही जिंकणाऱ्या टीमला सपोर्ट का करत नाही? भावोजींना प्रश्नच कळला नाही. मी मराठीत सांगितल्यावर ते खरोखर बुचकळ्यात पडले आणि म्हणाले, "जे जिंकतत तेंका सपोर्ट कित्याक व्हयो गो?" माझी ताई गावाहून फोनवर मला म्हणे, "ह्यांका माझो वाढदिवस आठवणा नाय. बेटावरच्या लेफ्ट बॅकाच्या झिलाचो मात्र बरोबर आठवता."

या सगळ्या इतिहासाच्या मधोमध एक मोठा पराभव होता, आणि त्याची एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बेटाचा संघ त्या सामन्यात तेरा गोलांनी हरला होता. काही वर्षांनी त्याच सामन्यात वारा उलटा सुटला आणि गोल अकरा झाले. पुढे रेफ्री यजमानांचा मेव्हणा निघाला, गोल नऊ झाले. माझ्या मुलीच्या दहावीच्या सुमारास दोन गोल ऑफसाइड ठरले, आणि अलीकडे अलीकडे तर प्रकरण पाचावर येऊन थांबलं होतं. एरवी भावोजी कुठलीही गोष्ट वाढवून सांगणारे. त्यांनी पकडलेला मासा दर सांगण्यात लांब होई. हा एकच आकडा दरवर्षी लहान का होतो, हे कोडं मला त्यांच्या कॅम्पात गेल्यावर सुटलं. त्यांच्या खोलीत, समोरच्या पलंगावर, ते तेरा गोल खाणारा गोलकीपर राहत होता.

त्याला सगळे 'कीपर'च म्हणत, आणि हे नाव भावोजींनी ठेवलेलं. उंच, सावळा, पिकल्या दाढीचा, मोठ्या पंजांचा माणूस. कामाने रिगर, म्हणजे क्रेन वजन उचलते तेव्हा खाली उभं राहून हाताच्या खुणांनी तिला वर, खाली, थांब सांगणारा. क्रेनच्या आवाजात शब्द पोचत नाहीत, म्हणून या खुणा साइटवरच्या प्रत्येकाला वाचता येतात. कीपर अरबी बोले, कॅम्पातली हिंदी बोले, आणि भावोजींच्या इतक्या वर्षांच्या सहवासाने मालवणीही बोले. मी पहिल्यांदा खोलीत शिरलो तेव्हा त्याने मला "ये मरे, बस," म्हणून खुर्ची दिली आणि मी दचकलोच. फुटबॉलबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नसे. तरुणपणी संघाचा खरा गोलकीपर विमानाला वेळेवर पोचला नाही म्हणून हा उंच दिसतो तर उभा राहा, असं म्हणून याला गोलात उभं केलं होतं. त्या एका दिवसानंतर बेटावर लोक त्याला पाहिलं की बोटं मोजून दाखवत. तो नोकरीला बाहेर पडला. सुट्टीवर गेला तरी बायकोच्या गावी बेटाच्या पलीकडच्या टोकाला राही, मैदानाच्या बाजूला फिरकत नसे.

हे त्याने भावोजींना कधी सांगितलं, तर भावोजींची आई गेली तेव्हा. रिफायनरी बंद ठेवून दुरुस्तीचं, म्हणजे शटडाउनचं, काम चालू होतं आणि भावोजींना गावी जाता आलं नाही. ते जेवेनात, बोलेनात, नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा ओळख जेमतेम असलेल्या या माणसाने भात शिजवला, ताट पुढे ठेवलं, आणि त्यांनी घास घ्यावा म्हणून स्वतःची ती कोणाला न सांगितलेली फजिती सांगायला सुरुवात केली. एकेका गोलासाठी पलंगावरून उडी मारून दाखवली. सातव्या गोलाला भावोजी हसले, आणि हसता हसता एकदाचे रडले. "माका त्याने उठवलो," भावोजी मला सांगत होते, "आणि लोक तेका बोटां दाखवतत? मी असेपर्यंत नाय." त्या दिवसापासून बेट भावोजींचं झालं आणि गोल कमी व्हायला लागले. कीपरला एकदा तरी त्याच्या संघासमोर, मान वर करून, स्टेडियममध्ये बसवायचं हा भावोजींचा निश्चय होता. दोघांचीही इथून कायमचं परत जायची वेळ जवळ येत चालली होती, त्यामुळे अलीकडे त्यांना याची घाई झाली होती.

बेटाचे सामने टीव्हीवर दाखवण्याइतकं जग अजून सुधारलेलं नाही. ते कुठल्यातरी मोबाइलवर अडखळत दिसत, निम्मा वेळ चित्र गोठलेलं. सामन्याच्या दिवशी भावोजी मासे खात नसत. मालवणी माणसाने संघासाठी याहून मोठा त्याग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हरल्यावर ते दुःखाने हामूर मासा तळत, आणि संघ नेहमी हरत असल्याने उपास नेहमी व्यवस्थित सुटे. सामना सुरू होण्याआधी खोलीचं दार लावून, आवाज खाली ठेवून, ते गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालत आणि खोलीतले सगळे फिटर, वेल्डर होकार भरत.

"बा देवा म्हाराजा! आज बेटावरची आमची पोरां मैदानात उतारली आसत, तेंच्या पायात बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्यांचे बूट जड होवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रेफ्रीच्या डोळ्यार झापड येवंदे, पण ती आमच्या सोयीन येवंदे रे म्हाराजा!"

कीपर या वेळी पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत असे. पण 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत सगळ्यात जाड आवाज भिंतीकडूनच येई, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आणि मग गेल्या हिवाळ्यात बेटाचा संघ इथे दमामला खेळायला येणार अशी बातमी आली. भावोजी आनंदाने इतके हरखले की त्यांनी सामन्याच्या कितीतरी आधीपासून मासे सोडले. बेटाचा रंग हिरवा, म्हणून कॅम्पातल्या शिंप्याकडून खोलीतल्या सगळ्यांसाठी हिरवेगार सदरे शिवून घेतले. शिंप्याने उरलेल्या कापडाच्या टोप्याही करून दिल्या. प्रश्न होता कीपरचा. तो हटून बसला होता.

"मुझे पहचान लेंगे," तो म्हणाला.

"तुका कोण वळाखतलो मेल्या?" भावोजी म्हणाले. "तेव्हा तुका प्वाट हुता? दाढी हुती? आरशात तूच तुका वळाखतस काय?"

"मैं नहीं आएगा. खलास."

भावोजींनी मग ठेवणीतलं अस्त्र काढलं. ते आपल्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आणि जेवायला उठेनात. कीपरने ताट आणलं, परत नेलं, पुन्हा आणलं. शेवटी त्याने स्वतःच खुंटीवरचा हिरवा सदरा काढला आणि अंगात घालून पाहिला. तो पोटावर घट्ट होत होता, पण बसत होता.

स्टेडियमच्या दारात आमचं जे स्वागत झालं तसं माझं लग्नातही झालं नव्हतं. पहारेकऱ्याने आमचे हिरवे सदरे पाहिले, छातीवर हात ठेवला, "अहलन, अहलन" म्हणत आम्हाला मिठ्या मारल्या आणि थेट चांगल्या जागी नेऊन बसवलं. आजूबाजूला सगळी हिरवीच गर्दी. शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी थर्मासमधून कहवा ओतून दिला, खजूर दिले. भावोजींचे डोळे भरून आले. "बघलंस? बेटाक एवढी माणसां मानतत!" ते मला म्हणाले. कीपर टोपी डोळ्यांवर ओढून मांड्यांमध्ये बघत बसला होता. गाऱ्हाणं इथे कसं घालणार, म्हणून भावोजींनी ते पुटपुटतच उरकलं, आणि शिटी वाजली.

त्या दिवशी बेट असं काही खेळलं की सांगता सोय नाही. हिरवे गडी वाऱ्यासारखे पळत होते, समोरच्या पांढऱ्यांना चेंडू दिसत नव्हता. लांबच्या नजरेचा चष्मा भावोजी कॅम्पात विसरून आले होते, पण त्यांना चष्म्याची गरज वाटली नाही. "बघ, बघ! इतकी वर्सां मी काय सांगी होतंय?" थोड्याच वेळात हिरव्यांनी गोल केला. आम्ही सगळे उभे राहून नाचलो. भावोजींनी शेजारच्या गृहस्थांना उचललं, त्यांनी भावोजींना उचललं, आमचा एक वेल्डर कोणाच्या तरी खांद्यावर चढला. आणि त्या गोंधळात खालून कीपरचा आवाज आला. टोपी वर करून तो मैदानाकडे बघत होता.

"बैठो सब," तो म्हणाला. "हमारा सफेद वाला है. गोल हम पे हुआ."

घरच्या, म्हणजे सौदीच्या, संघाचा रंगही हिरवाच, तेव्हा पाहुण्या संघाला दुसरा सदरा घालावा लागणार, हे इतक्या वर्षांच्या अभ्यासात भावोजींच्या लक्षातच आलेलं नव्हतं. ते बेटाच्या सामन्यांत रंगून जायचे, पण बेट कोणाशी आणि कुठे खेळतं यात त्यांना कधी फारसा रस नसायचा. आम्ही खाली मान घालून बसलो. भावोजी मात्र एकटे हसत होते. मला वाटलं धक्क्याने झालं असेल. त्यांनी माझा हात दाबला आणि कानात म्हणाले, "आयकलंस? हमारा म्हणालो तो. हमारा!"

पुढचा सगळा वेळ आम्ही हिरव्या कपड्यांत, हिरव्या गर्दीत, पांढऱ्यांसाठी जीव मुठीत धरून बसलो. शेजारचे गृहस्थ प्रत्येक गोलाला आमच्याकडे मिठीसाठी हात पसरत आणि आम्ही कसंनुसं हसत असू. बेट चार गोल खाऊन बसलं होतं. मग शेवटाकडे एक पांढरा गडी कुठूनसा घुसला, चेंडू पोस्टला लागून आत गेला, आणि सगळं स्टेडियम गप्प असताना आमची एक हिरवी रांग उडी मारून उठली आणि "व्हय म्हाराजाss!" अशी आरोळी उठली. तिच्यात कीपरचा आवाज सगळ्यात वर होता. शेजारचे गृहस्थ आधी थिजले, मग पोट धरून हसायला लागले. पहारेकरी धावत आले. कोणी रागावलं नाही, पण आम्हाला "यल्ला, यल्ला" करत तिथून उठवलं आणि गोलपोस्टच्या मागच्या कोपऱ्यात, बेटाच्या मूठभर माणसांजवळ नेऊन बसवलं.

म्हणून सामना संपला तेव्हा आम्ही बेटाच्या गोलकीपरच्या अगदी जवळ होतो. पोरसवदा गडी. बाकीचे आत निघाले तरी हा पोस्टला टेकून, हातमोज्यांत तोंड लपवून बसला होता. आमचा कीपर उठला आणि कठड्याशी जाऊन त्याने बेटाच्या भाषेत हाक मारली. गर्दीच्या आवाजात हाक पोचली नाही. पुन्हा मारली. त्या मुलाने वर पाहिलं. तेव्हा कीपरने टोपी काढली, सवयीने क्रेनला करतो तसे दोन्ही हात उंच केले, आधी त्या मुलाकडे बोट दाखवून चार बोटं दाखवली. मग स्वतःच्या छातीवर हात मारला, दोन्ही पंजे सताड उघडले, आणि त्यावर आणखी तीन बोटं.

साइटवरची खूण कोणालाही वाचता येते. भावोजी माझ्या शेजारून किंचाळले, "अरे पाच! मेल्या, पाच सांग, पाच!"

कीपरने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याने तेच पुन्हा केलं, दहा आणि तीन, आणि मग एकेका गोलाला आपण कशी उडी मारली ते कठड्याशी करून दाखवायला लागला. पोट सांभाळत, दाढी हलवत, डावीकडे, उजवीकडे. तो मुलगा आधी बघत राहिला. मग हसला. हसता हसता रडला आणि उठून कठड्याकडे आला. मागून त्यांचा प्रशिक्षक आला, त्याने कीपरला निरखून पाहिलं, आणि त्याच्या नावाने मोठ्याने हाक मारली. त्यानंतर ते सगळे एकदम त्यांच्या भाषेत बोलत होते, कीपरला कठड्यावरून ओढून मिठ्या मारत होते, आणि त्यातलं अक्षरही न कळणारे भावोजी हातात दोन टोप्या घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी कोरून कोरून तेराचे पाच केले होते, आणि त्या मुलाच्या उपयोगी शेवटी तेराच पडले. भावोजींना हे कळलं होतं. कारण एकदा ते त्यांच्याही उपयोगी पडले होते.

प्रशिक्षकाने कीपरला बेटावरच्या पोरांना गोलात उभं राहायला शिकवशील का, असं विचारलं होतं. उन्हाळ्याआधी कीपरने इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, परत केला, सामान बांधलं आणि कायमचा घरी गेला. ज्याला ताठ मानेने मैदानात पाहायचं म्हणून भावोजींनी एवढा आटापिटा केला, तो ताठ मानेने निघूनच गेला. विमानतळावर भावोजी सबंध वेळ त्याच्या बॅगेच्या पट्ट्याचा ताण तपासत होते. समोरच्या पलंगावर आता बिहारकडचा एक मुलगा आहे, भला आहे, मालिका बघतो. शुक्रवारी भावोजी येतात, इतिहास सांगतात, आणि आता गोल पुन्हा तेरा झाले आहेत. वारा नाही, रेफ्री नाही, ऑफसाइड नाही. "तेरा!" ते माझ्या मुलीला अभिमानाने सांगतात, "एक कमी नाय!" मला त्यांचं फार वाईट वाटतं, आणि असा एक मित्र मला मिळाला नाही याचंही वाटतं.

बेटाचा सामना असला की ते अजून मासे खात नाहीत. फोन लावतात, पलीकडे कीपर मैदानावर पोरांना गोळा करून उभा असतो, आणि भावोजी इकडून हळू आवाजात गाऱ्हाणं घालतात. तिकडून त्या सगळ्या पोरांचं 'व्हय म्हाराजा' येतं, पण बेटाचं नेट मंद असल्यामुळे जरा उशिरा येतं. तेवढा वेळ भावोजी फोन कानाला घट्ट दाबून, डोळे मिटून थांबून राहतात.